विजेच्या तडाख्यातून वाचलेला माणूस

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर वर्षातून दोनदा आभाळ गर्जू लागते. एकदा वैशाख-ज्येष्ठात, आंब्याचा हंगाम आटोपत आलेला असतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा दसरा-दिवाळीच्या सुमारास, भातकापणी ऐन भरात असते तेव्हा. आषाढ-श्रावणात पाऊस धो धो कोसळतो खरा, पण त्या पावसात विजांचा कडकडाट त्या मानाने कमीच. वळवाचा आणि परतीचा पाऊस मात्र विजा घेऊन येतो. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा असतो, दुपार टळली की सह्याद्रीच्या अंगाला काळे ढग चढू लागतात, आणि हातातला विळा खाली ठेवून माणूस वर बघतो. अजून दोन वाफे कापायचे राहिलेले असतात. भात भिजले तर वर्षाची मेहनत पाण्यात. मग तो म्हणतो, ‘एवढे आटपून घेऊ.’ नेमक्या त्याच वेळात अपघात होतात.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात : वीज पडून एक ठार, दोन जखमी. जो गेला त्याच्याबद्दल आपण हळहळतो आणि ते योग्यच आहे. पण ते दोन जखमी? दवाखान्यातून ते दोन-चार दिवसांत घरी येतात. हातपाय धड असतात, अंगावर मोठी जखम नसते. लोक म्हणतात, ‘देवान राखल्यान,’ आणि विषय संपतो. पण त्या माणसापुरता तो तेथे संपत नाही. पुष्कळदा तो तेथून सुरू होतो. आज मला या वाचलेल्या माणसाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारा एक प्राध्यापक आहे. परंतु विजेच्या तडाख्यानंतर माणसाच्या स्मरणात, स्वभावात आणि झोपेत जे फरक पडतात, ते माझ्या विषयाच्या कक्षेत येतात. डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत अशा रुग्णांचा अभ्यास करून जे लिहून ठेवले आहे, ते शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक प्रश्न. वीज एवढी भयंकर, तर मग तिच्या तडाख्यातून माणूस वाचतोच कसा? आकाशातून जमिनीवर येणाऱ्या विजेचा प्रवाह साधारणपणे ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. आपल्या घरातला पंखा एक अँपिअरही घेत नाही. विजेच्या वाटेवरची हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट म्हणा ना! पण हा सगळा प्रकार सेकंदाच्या अगदी लहान अंशात उरकतो. खांबावरच्या तारेला चिकटलेला माणूस आतपर्यंत भाजतो, कारण तो प्रवाह वाहतच राहतो. आकाशातल्या विजेला तेवढा वेळच नसतो. तिचा बराचसा भाग घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या कातडीवरून सरकून जमिनीत जातो. त्या पाण्याची क्षणात वाफ होते, म्हणून कधी कधी कपडे फाटतात, चपला उडतात, आणि माणूस मात्र जिवंत राहतो. डॉक्टरी ग्रंथांतून असा अंदाज दिलेला असतो, की विजेच्या तडाख्यात सापडलेल्या दहा जणांपैकी साधारण एक दगावतो आणि नऊ वाचतात. जेथे मदत वेळेवर पोचत नाही तेथे हे प्रमाण बिघडणारच.

दुसरी गोष्ट अशी, की वीज थेट माणसाच्या डोक्यावर पडते असे फार क्वचित घडते. शंभर अपघातांत तीन ते पाच वेळा. बहुतेकांना ती आडवाटेने गाठते. कोणी आंब्याच्या झाडाखाली आडोशाला उभा राहतो. वीज झाडावर पडते आणि खोडावरून उडी मारून त्याच्या अंगावर येते. किंवा वीज दूर कोठे तरी पडते आणि जमिनीतून पसरत त्याच्या पायांपर्यंत येते. निम्म्याच्या आसपास अपघात या जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचे असतात. सड्यावर गुरे चरत असताना वीज पडली, बैल मेले आणि गुराखी वाचला, अशा हकिकती आपण ऐकतो. त्यामागे हेच कारण असते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. प्रवाह पुढच्या पायांतून शिरून छातीपोटातून मागच्या पायांनी बाहेर पडतो. माणसाचे दोन पाय जवळ असतात. प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघून जातो, आणि हृदय बचावते. गुराखी अधिक पुण्यवान होता म्हणून वाचला असे नव्हे. आणि वाचला म्हणजे त्याला काही झालेच नाही, असेही नव्हे.

आता अपघाताचा पहिला तास. पुढच्या आयुष्याचे बरेचसे भवितव्य या तासात ठरते, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. विजेच्या धक्क्याने हृदय एकदम थांबते. पुष्कळदा ते आपले आपणच पुन्हा चालू होते. पण श्वास चालविणारे मेंदूतले केंद्र अजून बधिरच असते. श्वास नाही म्हणून रक्ताला प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नाही म्हणून हृदय दुसऱ्यांदा थांबते. हे दुसरे थांबणे टाळता येते, आणि ते टाळणारा माणूस बहुधा डॉक्टर नसतो. शेजारच्या वाफ्यात उभा असलेला भाऊबंदच असतो.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली : वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला लगेच हात लावला तरी काही होत नाही. दुसरी : अनेक जण एकदम पडले असतील, तर जो कण्हतो आहे, ओरडतो आहे, तो जगणार आहे, जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी धावा. एरवीच्या अपघातात आपण याच्या उलट वागतो. येथे तसे वागून चालत नाही. तिसरी : श्वास बंद असेल तर १०८ ला फोन करावयास एकाला सांगून दुसऱ्याने छाती दाबायला लागावे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि ज्याला येत असेल त्याने दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. देशाच्या काही भागांत वीज लागलेल्या माणसाला शेणात पुरून ठेवतात. शेण वीज ओढून घेते अशी समजूत आहे. ओढून घ्यायला अंगात वीज उरलेलीच नसते. जाते ती फक्त मोलाची वेळ. पुष्कळ मिनिटे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर माणूस वाचूनही कायमचा अधू होतो. म्हणजे पुढे आपण ज्या त्रासांविषयी बोलणार आहोत, त्यांतला काही भाग शेजाऱ्याच्या दोन हातांनी टळू शकतो.

यानंतरचे पहिले दोन दिवस मोठे फसवे असतात. काहींच्या पाठीवर, छातीवर तांबूस रेषा उमटतात. नेच्याचे पान कातडीवर छापावे तशा. अठराव्या शतकात लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन पदार्थविज्ञानवेत्त्याने विजेच्या ठिणगीने धुळीत उमटणारी अशीच नक्षी पाहिली होती. तिला त्याचेच नाव पडले आहे. या रेषा म्हणजे भाजणे नव्हे. काही तासांत, फार तर दोन-एक दिवसांत, त्या आपोआप पुसट होतात. काहींचे पाय लुळे पडतात. थंडगार, निळसर होतात, नाडीही लागत नाही. घरचे घाबरतात. आणि काही तासांतच ते पाय पुन्हा हलू लागतात! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्को या फ्रेंच वैद्याने या तात्पुरत्या लुळेपणाला वेगळे नावच दिले. विजेने रक्तवाहिन्या आखडतात आणि मग सैल होतात, असा त्याचा खुलासा आहे. गावात मात्र याला चमत्कार म्हणतात. अंगावरची खूण पुसली गेली, पाय चालू लागले, माणूस घरी आला. मग आता राहिले काय?

राहिले ते डोळ्यांना दिसत नाही, असे आहे.

कानापासून सुरुवात करू. मेघगर्जनेचा आवाज आपण मैलावरून ऐकतो तेव्हा दचकतो. हा तर त्या आवाजाच्या पोटातच सापडलेला असतो. हवेच्या धक्क्याने कानाचा पडदा फाटणे ही या अपघातातली अगदी नेहमीची गोष्ट आहे. पडदा पुष्कळदा भरून येतो, पण काहींना कायमचे कमी ऐकू येते, काहींच्या कानात रात्रंदिवस रातकिड्यासारखा आवाज चालू राहतो, काहींचा तोल जातो. माडावर चढणाऱ्याचा किंवा होडीत उभे राहून जाळे ओढणाऱ्याचा तोल जाणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको.

मग डोळे. विजेमुळे मोतीबिंदू होऊ शकतो, आणि तो त्याच दिवशी दिसतो असे नाही; काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतो. तरुण माणसाला धूसर दिसू लागले, तर तो चष्म्याच्या दुकानात जातो. मागच्या दिवाळीतल्या विजेशी त्याचा संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. म्हणून वीज लागलेल्याने डोळ्यांची तपासणी लगेच एकदा आणि पुढची एक-दोन वर्षे अधूनमधून करून घ्यावी.

तिसरी गोष्ट मज्जातंतूंची. हातापायांत मुंग्या येतात, तळवे जळजळतात, एखादा भाग बधिर होतो, पाठ-मान सतत दुखते. ही दुखणी कधी पहिल्या दिवसापासून असतात, तर कधी काही महिन्यांनी डोके वर काढतात. साध्या वेदनाशामक गोळीला ती दाद देत नाहीत. मज्जातंतूंच्या दुखण्यावर औषधे वेगळी असतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बरेच दिवस घ्यावी लागतात.

आणि चौथी गोष्ट मेंदूची. येथे मला जरा अधिक वेळ हवा आहे.

समजा, आपल्याच एखाद्या वाडीत चाळिशीचा एक शेतकरी आहे. कामाला वाघ. भातकापणीत त्याला विजेचा झटका बसला. तीन दिवस दवाखान्यात राहून तो घरी आला. महिन्याभराने घरची माणसे बघतात तो काय, हा माणूस निराळाच झालेला. बाजारातून चार वस्तू आणायला सांगाव्यात, तर दोन आणतो. बोलता बोलता शब्द विसरतो. पंप चालू करतो आणि बंद करायचे राहून जाते. पूर्वी एका वेळी गुरे, पाणी, गडी, सगळे सांभाळायचा. आता दोन माणसे एकदम बोलू लागली की गोंधळतो आणि चिडतो. तासभर काम केले की गळून जातो. डोके दुखते. रात्री झोप लागत नाही आणि दिवसा डुलक्या घेतो. लहानशा कारणावरून मुलांवर हात उगारतो आणि मग एकटाच पडवीत बसून राहतो. ढग गडगडला की दार लावून आत जातो.

शेजारी काय म्हणतात? ‘काम करूक नको म्हणान सोंगां करता.’ बायको बिचारी कोणाकोणाला समजावणार? खुद्द तो तरी स्वतःला काय सांगणार? काल जे येत होते ते आज येत नाही, एवढेच त्याला कळते. का येत नाही, ते कळत नाही. आपण वेडे तर होत नाही ना, ही भीती तो मनात ठेवतो.

श्रोतेहो, ही माझ्या कल्पनेतली व्यक्ती आहे, पण तिची लक्षणे काल्पनिक नाहीत. नवे लक्षात न राहणे, चित्त एकाग्र न होणे, एका वेळी दोन कामे न जमणे, डोकेदुखी, निद्रानाश, थकवा, चिडचिड, उदासीनता, मेघगर्जनेची धास्ती : वाचलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत ही यादी पुन्हा पुन्हा येते. डोक्याला मार लागून मेंदू हादरलेल्या माणसाची लक्षणे पुष्कळशी अशीच असतात. शिकागोच्या डॉक्टर मेरी अॅन कूपर यांनी अनेक दशके या विषयाचा पाठपुरावा केला. विजेची इजा ही मुख्यतः मज्जासंस्थेची इजा आहे, भाजण्याची नव्हे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. आपण मात्र जखमीच्या अंगावर भाजल्याचे डाग शोधत बसतो, आणि डाग सापडला नाही की त्याला बरा ठरवितो.

मग मेंदूचा फोटो काढला की कळेल, असे तुम्ही म्हणाल. गंमत अशी, की सीटी स्कॅन आणि एमआरआय पुष्कळदा अगदी स्वच्छ येतात. घराजवळ वीज पडल्यानंतर बिघडलेला एखादा रेडिओ डोळ्यांपुढे आणा. खोका शाबूत आहे, काच फुटलेली नाही, बटणे फिरतात, दिवाही लागतो. पण स्टेशन धड लागत नाही. त्या रेडिओचा तुम्ही कितीही चांगला फोटो काढलात, तरी त्यात खरखर दिसणार नाही. ती ऐकायला रेडिओ लावूनच पाहावा लागतो. मेंदूचेही तसेच आहे. स्कॅनमध्ये त्याची बांधणी दिसते. काम कसे चालले आहे ते पाहायला स्मरण, लक्ष आणि विचारांचा वेग यांच्या चाचण्या घ्याव्या लागतात. मानसशास्त्रज्ञ त्या घेतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘माणूस खोटे बोलतो आहे’ असा कधीही करू नये.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतले ली ट्रेव्हिनो हे नामांकित गोल्फ खेळाडू. जून १९७५ मध्ये शिकागोजवळच्या एका सामन्यात पाऊस आला म्हणून ते आपल्या सामानाच्या पिशवीला टेकून तळ्याकाठी बसले होते. वीज पडली आणि प्रवाह त्यांच्या पाठीतून गेला. ते वाचले, पण पाठीने त्यांचा पिच्छा सोडला नाही आणि मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी पुन्हा एक मोठी स्पर्धा जिंकली, हेही सांगितले पाहिजे. कारण त्रास राहिला म्हणजे आयुष्य संपले, असे नाही.

त्याच देशातले रॉय सुलिव्हन हे वनरक्षक. १९४२ ते १९७७ या काळात त्यांना सात वेळा विजेने गाठले आणि सातही वेळा ते वाचले. जगाने त्यांचे नाव विक्रमांच्या पुस्तकात घातले. पण पुढे पुढे पाऊस येईलसे दिसले, की लोक त्यांच्याजवळ उभे राहायला कचरत. आणि स्टीव्ह मार्शबर्न हे गृहस्थ तर १९६९ मध्ये बँकेत खिडकीपाशी काम करीत असताना या तडाख्यात सापडले. वर्षानुवर्षे दुखणे काढल्यावर त्यांना वाटले, की आपल्यासारखे आणखी असतील. म्हणून १९८९ मध्ये त्यांनी वीज लागून वाचलेल्यांची एक संघटना काढली. असे वाचलेले लोक एकमेकांना भेटले, म्हणजे त्यांना पहिला दिलासा कशाचा मिळतो? ‘हे माझ्या एकट्याचेच नाही’ एवढ्याच गोष्टीचा.

आता आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या आधीच्या दोन वर्षांतही हा आकडा २,८०० च्या वरच होता. हा मृत्यूंचा हिशेब झाला. एकामागे नऊ वाचतात हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे धरता येणार नाही. पण निम्मे जरी धरले, तरी दरवर्षी हजारो माणसे या तडाख्यातून उठून घरी जातात. त्यांत शेतात, सड्यावर आणि होडीत काम करणारेच फार. त्यांच्या दुखण्याचा हिशेब त्यांच्या घरच्यांनाच ठेवावा लागतो.

आणि त्यावर आपल्या समजुतींचे ओझे! जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळूवर वीज पडते, असे आपण ऐकत आलो आहोत. विजेला कोणाच्या जन्माची हकिकत ठाऊक नसते. उंच वस्तू, उघडे माळरान, एकटे झाड, पाण्याचा पृष्ठभाग, एवढेच तिला कळते. पण एखाद्याला झटका बसला, की लोक त्याच्या जन्माचा, त्याच्या घराण्याच्या देवाधर्माचा शोध घेऊ लागतात. राखणदाराला नारळ द्यावा, गाऱ्हाणे घालावे. ज्याच्या मनाला त्याने धीर येतो त्याने ते खुशाल करावे. मात्र त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये, आणि आजारी माणसावर दोषाचा शिक्का मारू नये. त्याला देवाने शिक्षाही केलेली नसते आणि तो सोंगही करीत नसतो. त्याला इजा झालेली असते, इतकेच.

मग करायचे काय? या इजेवर एकच एक रामबाण औषध नाही. ज्या त्या त्रासावर ज्याचा त्याचा उपचार करावयाचा. कानाची आणि डोळ्यांची तपासणी, दुखण्यावर औषध आणि व्यायामोपचार, झोपेकडे लक्ष, आणि मन फार खचले असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी; पुढे ओरोसचे जिल्हा रुग्णालय आहे, आणि आपल्याकडची माणसे गोव्यात बांबोळीलाही जातच असतात. जाल तेथे पहिल्या वाक्यात सांगा, की अमुक महिन्यात वीज लागली होती. हे सांगितले नाही, तर डोळ्यांचा डॉक्टर डोळे पाहील, डोकेदुखीचा डोके पाहील, आणि सगळ्याचे मूळ एक आहे हे कोणाच्याच ध्यानात यायचे नाही.

घरच्यांनी त्याला एकदम पूर्वीच्या कामाला जुंपू नये आणि घरात कोंडूनही ठेवू नये. अर्धा दिवस काम, मध्ये विश्रांती, एका वेळी एकच काम. खिशात लहानशी वही असावी. बाजारहाट, औषधाची वेळ, कोणाचे देणे-घेणे, सगळे तीत लिहावे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. यात कमीपणा नाही. चष्मा लावतो तशी ही वही. तोल जात असेल तोवर माडावर चढणे, विहिरीच्या काठावर उभे राहणे, होडी एकट्याने बाहेर काढणे बंद. दारू तर कटाक्षाने टाळावी. अगोदरच थकलेल्या मेंदूवर आणि मोडलेल्या झोपेवर ती दुहेरी घाव घालते. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांना पुष्कळ उतार पडतो. काहींचा थोडाफार त्रास कायम राहतो. पण त्याच्याशी जुळवून घेत माणूस पुन्हा संसार उभा करू शकतो. त्यासाठी एकच अट आहे : त्याचे म्हणणे खरे मानणारे कोणी तरी घरात असले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याशी दोन शब्द वेगळे. वीज लागलेले मूल शाळेत परत येते तेव्हा वर्ग त्याच्याकडे कुतूहलाने पाहतो, आणि आठवड्याने विसरून जातो. तुम्ही विसरू नका. पाठ असलेले पाढे त्याला आठवत नाहीसे झाले का? फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ लागतो का? हाक मारली तर एका बाजूनेच वळते का? आभाळ भरून आले की कावरेबावरे होते का? अशा मुलाला पुढच्या बाकावर, चांगल्या कानाच्या बाजूने बसवा. अभ्यास थोडा थोडा द्या. उत्तराला वेळ द्या. आणि तुमच्या नजरेला जे आले ते तारखेसह लिहून पालकांच्या हाती द्या. डॉक्टरला त्या कागदाचा फार उपयोग होतो, कारण अपघाताच्या आधी मूल कसे होते, हे तुमच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. वीज मुलाला लागलेली नसेल, त्याच्या बापाला लागली असेल, तरी त्या घरातला बदललेला स्वभाव मुलाच्या चेहऱ्यावर उमटतोच. तेव्हाही चौकशी करा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. वीज कोसळणे ही महाराष्ट्र शासनाने राज्याची आपत्ती म्हणून मानलेली आहे. मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपयांची मदत मिळते, हे पुष्कळांना माहीत असते. पण अपंगत्व आल्यासही मदतीची तरतूद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत ४० ते ६० टक्के अपंगत्वाला ७४ हजार आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास अडीच लाख रुपये अशी रक्कम होती. सध्याचा आकडा तहसील कार्यालयात विचारून घ्यावा. आता पाहा : हात तुटला तर टक्का चटकन मोजता येतो, पण विसरणे आणि दुखणे कसे मोजणार? त्याला कागदच लागतो. म्हणून अपघाताच्या दिवशीच तलाठ्याकडे नोंद आणि पंचनामा करून घ्या, आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा, किरकोळ दिसला तरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेले आहेत. बहिरेपणा आणि अधू दृष्टी तर त्यांत आहेतच, पण मज्जासंस्थेचे जुनाट विकार आणि मानसिक आजारही आहेत. सहा महिन्यांनी उद्भवलेल्या दुखण्याचा धागा पहिल्या दिवसाच्या कागदाला जोडता आला, तरच त्या माणसाची बाजू उभी राहते.

आणि अर्थात, मुळात अपघातच न होणे सर्वांत बरे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात अंक मोजा. दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर. तिसाच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. भिंती नसलेला मांगर, एकटा आंबा, माडाची सावली, उघडी होडी, यांतले काहीही आसरा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाईल ॲप काढले आहे. आपल्या आसपासच्या विजांची सूचना ते देते. वाडीतल्या एका तरी फोनवर ते असावे, आणि त्या फोनवाल्याने हाक घालावी. दोन वाफ्यांचे भात भिजले, तर ते खळ्यात पुन्हा वाळवता येते.

शेवटी एक मागणे. तुमच्या गावात, मागे केव्हा तरी वीज लागून वाचलेला एखादा माणूस असेल. त्याला भेटा. ‘तू नशीबवान’ असे म्हणू नका. ते त्याने पुष्कळदा ऐकले आहे. झोप लागते का, कानात आवाज येतो का, विसरायला होते का, एवढे विचारा, आणि तो सांगेल ते शांतपणे ऐकून घ्या. कदाचित इतक्या वर्षांत त्याला हे विचारणारे तुम्हीच पहिले असाल. मग त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.